विश्लेषण : सहीच्या वहीपासून श्रीलंकेपर्यंत... सिक्वेलमधला नायक दरवेळी आणखी ताकदवान का होतो?

पहिल्या भागात गावगुंडाशी भिडणारा नायक चौथ्या-पाचव्या भागात देशाच्या सीमा ओलांडतो, हेलिकॉप्टरमधून उतरतो, एकटा पलटणीला पुरून उरतो. ही चढती भाजणी लेखकांच्या हौसेने होते की त्यामागे तिकीट खिडकीचे गणित असते?

भिवंडी : यंत्रमागाच्या खडखडाटात शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचे तरी ओरडावे लागते. अशा शहरातल्या प्रेक्षकाला नायकही मोठ्याने बोलणारा आणि मोठ्याने मारणारा लागतो, असे म्हणणे सोपे आहे. पण ते अर्धेच खरे. याच प्रेक्षकाने २०११मध्ये ‘सिंघम’ला डोक्यावर घेतले, तेव्हा त्या नायकाच्या हातात कमरेच्या पट्ट्यापलीकडे फारसे काही नव्हते. २०२४च्या दिवाळीत ‘सिंघम अगेन’ आला, तोवर त्याच बाजीराव सिंघमच्या दिमतीला खास पथक, हेलिकॉप्टर आणि अर्धा डझन तारे होते. तेरा वर्षांत असे काय झाले?

पहिल्या ‘सिंघम’मध्ये भांडण कशाचे होते?

एका सहीचे. आज अनेकांना हे आठवत नाही. गोव्यात खंडणी आणि अपहरणाचा धंदा चालवणारा जयकांत शिक्रे (प्रकाश राज) खुनाच्या गुन्ह्यात जामिनावर सुटतो. अट एवढीच, की ठरावीक दिवसांनी शिवगडच्या पोलीस ठाण्यात येऊन वहीत सही करायची. तो स्वतः न येता माणूस पाठवतो. बाजीराव म्हणतो, चालणार नाही, ज्याच्या नावावर जामीन आहे त्यानेच यायचे. शिक्रेला यावे लागते, त्याचा अपमान होतो आणि तो राजकीय वजन वापरून बाजीरावची बदली गोव्यात, आपल्या इलाख्यात करून घेतो.

म्हणजे चित्रपटाची ठिणगी न्यायालयाच्या एका अटीतून पडते. जामिनाची हजेरी, पोलीस ठाण्यातली वही, वरून आलेला फोन, शिक्षा म्हणून झालेली बदली हे सगळे कोणत्याही तालुक्याच्या गावात ओळखीचे असते. भिवंडीतल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. आजूबाजूला अशोक सराफ, सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी असे मराठी चेहरे होते, ‘आता माझी सटकली’ हे वाक्य तर हिंदी मुलखातही मराठीतच बोलले गेले. नायकाचे वजन त्याच्या दंडात होते तेवढेच त्याच्या गावात होते.

मग पायऱ्या कशा चढल्या?

‘सिंघम रिटर्न्स’ (२०१४) मुंबईत आला. रुग्णवाहिकेत सापडलेली रोकड, त्यामागचा भोंदू बाबा आणि राज्यातले काळ्या पैशाचे राजकारण, असा शत्रू झाला. ‘सिंबा’मध्ये (२०१८) दुसरा मराठी पोलीस आला आणि शेवटाकडे सिंघमने नुसती हजेरी लावली तरी चित्रपटगृहे दुमदुमली. ‘सूर्यवंशी’त (२०२१) मामला दहशतवादविरोधी पथकाकडे गेला आणि १९९३च्या बॉम्बस्फोटांतून उरलेल्या स्फोटकांचा शोध सुरू झाला. ‘सिंघम अगेन’मध्ये नायकाच्या पत्नीचे अपहरण होते, तिला श्रीलंकेत नेले जाते आणि सारी कथा रामायणाच्या चौकटीत बसवली जाते. गावगुंड, बाबा, दहशतवादी आणि शेवटी साक्षात लंका. याच्या वर पायरी कोणती, हा प्रश्न पुढच्या भागाच्या लेखकासमोर आ वासून उभा असणार.

हे सगळे केवळ दिग्दर्शक रोहित शेट्टीच्या आवडीमुळे झाले, असे मानायला जागा नाही. ‘सिंघम’ ज्या तमिळ ‘सिंगम’वरून (२०१०) घेतला, त्याचीही मालिका झाली. सूर्याने साकारलेला तो पोलीस अधिकारी पहिल्या भागात नल्लूर नावाच्या गावात आणि चेन्नईत लढतो. २०१३च्या दुसऱ्या भागात अमली पदार्थांच्या तस्करांमागे दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो. २०१७च्या तिसऱ्या भागात ऑस्ट्रेलिया गाठतो. बी एकच, मशागत करणारे वेगळे, भाषा वेगळी, तरी दोन्ही झाडे एकाच दिशेला वाढली. तेव्हा कारण माणसात नसून धंद्याच्या रचनेत शोधायला हवे.

ताकद वाढते म्हणजे नेमके काय वाढते?

सगळ्यात आधी वाढतो तो खलनायक. नायकाची उंची मोजायची पट्टी म्हणजे समोरचा शत्रू. शिक्रेला एकदा लोळवल्यावर दुसरा शिक्रे आणून भागत नाही, कारण त्याला सिंघम हरवणार हे प्रेक्षकाला तिकीट काढण्याआधीच ठाऊक असते. मग शत्रूमागे सत्ता, पैसा, सैन्य उभे करावे लागते आणि त्याला पुरे पडायचे म्हणून नायकाला बळ द्यावे लागते. पाठोपाठ नकाशा फुगतो. ‘धूम’चा पहिला भाग (२००४) मुंबईच्या रस्त्यांवर मोटारसायकलींनी पळाला. ‘धूम २’ (२००६) नामिबियाच्या वाळवंटातल्या रेल्वेपासून रिओपर्यंत गेला. ‘धूम ३’ने (२०१३) शिकागो गाठले आणि तिथे मोटारसायकलच पाण्यात बोट होऊन धावू लागली.

सर्वांत नाजूक बदल असतो शरीराच्या नियमांचा. ‘डाय हार्ड’च्या (१९८८) पहिल्या भागातला जॉन मॅक्लेन अनवाणी असतो, काचांवरून चालताना त्याचे पाय रक्तबंबाळ होतात आणि तो कण्हतो. प्रेक्षकाचा जीव त्या पायांत अडकलेला असतो. २००७च्या चौथ्या भागात तोच माणूस लढाऊ विमानाशी झुंजून उठून उभा राहतो. ‘रॅम्बो’ हे तर याचे शाळेत शिकवावे असे उदाहरण. १९८२च्या ‘फर्स्ट ब्लड’मध्ये सबंध चित्रपटभर एकच माणूस मरतो, तोही जवळजवळ अपघाताने. युद्धातून परतलेल्या, मनाने मोडलेल्या सैनिकाची ती गोष्ट होती. १९८८च्या तिसऱ्या भागात हाच रॅम्बो अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्याशी लढतो. पहिल्या भागात त्याच्याजवळ दुःख होते. तिसऱ्यात उरला दारूगोळा.

आपल्याकडे अंगभूत शक्तीची मालिका म्हणजे राकेश रोशन यांची. ‘कोई... मिल गया’मधल्या (२००३) रोहितला परग्रहावरच्या जादूकडून शक्ती मिळते आणि तिचा मोठा वापर होतो तो बास्केटबॉलच्या सामन्यात! शक्तीला उन्हाची अट आहे, ढग आले की गडबड. ‘क्रिश’मध्ये (२००६) त्याचा मुलगा झाडांवरून, इमारतींवरून झेपावतो, सिंगापुरात आगीतून मुलांना वाचवतो. ‘क्रिश ३’मध्ये (२०१३) आकाशातल्या विमानाचे अडकलेले चाक सोडवतो आणि प्रयोगशाळेत घडवलेल्या अर्ध्या माणूस-अर्ध्या जनावरांशी लढतो. (‘क्रिश २’ नावाचा चित्रपट कधी आलाच नाही, ‘कोई... मिल गया’ला पहिला धरून थेट तीन आकडा लावला गेला. आकडा फुगवण्याची सुरुवात नावापासूनच होते ती अशी.) उन्हाची ती अट मात्र वाटेत हळूहळू विरून गेली. अटी विरल्या की काळजीही विरते.

आणि नायक याहून मोठा करता येत नाही असे दिसले की नायकांची बेरीज सुरू होते. ‘सिंघम अगेन’मध्ये सिंबा, सूर्यवंशी, शक्ती शेट्टी आदी सगळे एकत्र आले. यशराजने टायगर, ‘वॉर’चा कबीर आणि पठाण एका धाग्यात ओवले. मार्व्हलने हे आधीच करून दाखवले होते. बेरजेचा फायदा असा की प्रत्येक ताऱ्याचा प्रेक्षक तिकीट काढतो. तोटा असा की प्रत्येकाला टाळीचे दृश्य द्यावे लागते आणि गोष्टीला जागा उरत नाही.

‘सीआयडी’तल्या दयाला दुसरा दरवाजा का लागला नाही?

हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण चढत्या भाजणीचे कोडे इथेच सुटते. ‘सीआयडी’ ही दूरचित्रवाणी मालिका १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे अखंड चालली. एसीपी प्रद्युम्न, म्हणजे आपले शिवाजी साटम, बोटे फिरवून तेच म्हणत राहिले आणि इन्स्पेक्टर दया खांद्याने तोच दरवाजा तोडत राहिला. पाचव्या वर्षी लाकडाचा, दहाव्या वर्षी पोलादाचा, पंधराव्या वर्षी किल्ल्याचा महादरवाजा असे काही झाले नाही. तरी प्रेक्षक कंटाळला नाही. उलट दरवाजा तुटला नाही तर चुकल्याचुकल्यासारखे व्हायचे.

मराठी वाचकाला याहून जुने उदाहरण ठाऊक आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू हे त्यांचे नायक पिढ्यांनी वाचले. झुंजारच्या अंगात दर पुस्तकागणिक बळ वाढत गेले नाही. प्रकरण बदलले, झुंजार तोच राहिला. पुस्तकाची पाने आणि किंमत ठरलेली. मोठी मारामारी लिहायला लेखकाला जादा शाई लागत नव्हती आणि वाचकही तिचे वेगळे दाम मोजत नव्हता.

फरक वारंवारतेचा आणि पैशाचा आहे. दर आठवड्याला घरबसल्या भेटणारा नायक सवयीचा होतो, त्याच्याकडून आपण ओळखीची अपेक्षा करतो. तीन-चार वर्षांनी, घराबाहेर पडून, तिकीट काढून भेटणाऱ्या नायकाने मात्र ‘या वेळी नवीन काय?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. आणि ‘नवीन’ शोधण्यापेक्षा ‘मोठे’ करणे निर्मात्याला सोपे जाते, कारण मोठेपणा ट्रेलरमध्ये दाखवता येतो. चांगला संवाद, खोल पात्ररचना अडीच मिनिटांत दिसत नाही. उडणारी गाडी दिसते.

तिकीट खिडकीचे गणित काय सांगते?

पहिला भाग चालला की दुसऱ्याच्या वेळी नायकाचे मानधन वाढते, दिग्दर्शकाचे वाढते, खर्च वाढतो. तो वसूल व्हायचा तर प्रेक्षकही जास्त हवेत आणि तेही पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारीच. २००८मध्ये ‘गजनी’ने देशात शंभर कोटींचा गल्ला ओलांडल्यापासून आकड्यांची शर्यत हीच बातमी होऊन बसली. पंधरा-वीस आठवडे मुक्काम ठोकून हळूहळू कमावण्याचा काळ संपला. तीन दिवसांत सगळ्या प्रकारच्या माणसांना एकाच वेळी खेचून आणायचे तर सर्वांना कळेल अशी एकच भाषा उरते, मारामारीची.

भिवंडी हे याचे बोलके उदाहरण. या शहरात मूळचे मराठी आणि आगरी बोलणारे लोक आहेत, कोकणी मुसलमान आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधून मागावर आलेले कामगार आहेत आणि पद्मानगर परिसरात तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या पिढ्या नांदतात. एकाच गल्लीत चार भाषा. अशा ठिकाणी शाब्दिक विनोद अर्ध्या लोकांना लागतो, अर्ध्यांना लागत नाही. पण पट्ट्याचा फटका सगळ्यांना कळतो. ‘बाहुबली’ (२०१५, २०१७), ‘केजीएफ’ (२०१८, २०२२) आणि ‘पुष्पा’ (२०२१, २०२४) यांचे दुसरे भाग हिंदीतून ज्या जोमाने चालले, त्यामागे हीच गोष्ट आहे. बाजार जितका बहुभाषी, तितके बोलणे कमी आणि करणे जास्त. हॉलिवूडचेही तेच. अमेरिकेबाहेरची कमाई वाढत गेली तसे ‘फास्ट अँड फ्युरियस’चे नायक बदलत गेले. २००१मध्ये ते रस्त्यावर शर्यती लावत आणि ट्रकमधले डीव्हीडी प्लेअर पळवत. २०११मध्ये दोन गाड्यांनी अख्खी तिजोरी रिओच्या रस्त्यांवरून ओढत नेली. २०२१च्या नवव्या भागात गाडी थेट अंतराळात पोहोचली.

यात प्रेक्षकाच्या खिशाचाही भाग आहे. मागावरच्या कामगाराला मजुरी मिळते ती विणलेल्या मीटरवर, पाळी बहुतेक बारा तासांची. त्याच्या लेखी तिकीट म्हणजे ठरावीक मीटर कापड. चार जणांचे कुटुंब न्यायचे तर आणखी कितीतरी. एवढे मीटर मोजल्यावर ‘पैसा वसूल’ हा शब्द चेष्टेचा राहत नाही. जे मोबाइलवर फुकट दिसते त्याहून काहीतरी अफाट मोठ्या पडद्यावर दिसले पाहिजे, ही मागणी रास्तच आहे. ‘लोकांची अभिरुची घसरली’ असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

तोफ, तार आणि संगणक

तंत्राचा वाटा याहून वेगळा. खरी गाडी हवेत उलटवायची तर तिच्याखाली दाबलेल्या वायूवर चालणारी तोफ बसवतात. ठरल्या क्षणी ती जमिनीवर आदळते आणि गाडी गरगरत उडते. ‘कसिनो रोयाल’मध्ये (२००६) जेम्स बाँडची गाडी अशीच सात वेळा कोलांटली आणि विक्रम नोंदला गेला. यात आत बसलेल्या माणसाची हाडे खरी असतात. त्यामुळे आठवी कोलांटी घ्यायची की नाही, हे कोणाला तरी अनेकदा तपासून ठरवावे लागते. तारेला लटकून उडणाऱ्या नायकालाही अशीच मर्यादा असते. ‘क्रिश’साठी हाँगकाँगचे साहसदृश्य दिग्दर्शक चिंग सिउ-तुंग आले होते, त्यांच्या कसबाचा पाया तारेवरच्या कवायतीचा.

संगणकाने ही मर्यादा काढून टाकली. पडद्यावर दहा गाड्या उडवा की शंभर, कोणाचे हाड मोडत नाही, फक्त बिल वाढते. इथून चढती भाजणी वेगाने पेटली. आणि गंमत म्हणजे नेमके याच वेळी ‘मिशन : इम्पॉसिबल’ मालिकेने उलटा दावा विकायला काढला. १९९६मध्ये दोरीला लटकून जमिनीला न टेकणारा टॉम क्रूझ २०११मध्ये बुर्ज खलिफावर चढला, २०१५मध्ये उडत्या विमानाला लटकला, २०२३मध्ये मोटारसायकलसह कड्यावरून झेपावला. तिथेही चढण आहेच. पण ‘हे खरोखर केले आहे’ ही जाहिरात. वाढत गेली ती पात्राची शक्ती नव्हे, वाढत्या वयातल्या अभिनेत्याची जोखीम.

इतिहास हात बांधतो तेव्हा

मराठीत सलग, ठरवून चालवलेली अलीकडची मोठी साहसमालिका म्हणजे दिग्पाल लांजेकर यांचे शिवकालावरचे चित्रपट. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२), ‘सुभेदार’ (२०२३). इथे नायकाचे बळ दर भागात वाढवायची सोय नाही, कारण घटना आधीच घडून गेल्या आहेत. कोंडाजी फर्जंदांनी पन्हाळा घेतला तो ६० मावळ्यांनिशी, १६७३मध्ये. दुसऱ्या भागात त्याचे ६०० करता येत नाहीत.

मालिकेचा क्रम पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. पन्हाळा १६७३, लाल महाल १६६३, पावनखिंड १६६०, प्रतापगड १६५९. पहिले चार चित्रपट काळात पुढे गेलेच नाहीत, मागे मागे आले आणि मग ‘सुभेदार’ने १६७०च्या कोंढाण्याकडे उडी घेतली. सत्ता वाढत जाण्याऐवजी प्रेक्षक अशा दिवसांकडे नेला गेला, जेव्हा स्वराज्य अजून लहान होते आणि संकट तुलनेने प्रचंड. ताण वाढवायला नायक मोठा करावा लागत नाही, त्याच्या बाजूची माणसे मोजकी असली तरी भागते, हे या मालिकेने आपसूक दाखवले. पावनखिंडीत बाजीप्रभू पडणार हे मराठी मुलालाही माहीत असते. तरी त्या दृश्याला चित्रपटगृहात जी शांतता पसरते, ती अंतराळात गाडी गेल्यावर पसरत नाही.

(चित्रपटांतही सगळे संयमाने चालते असे नाही. तलवारीच्या एका वाराने चौघे हवेत उडण्याची दृश्ये इथेही शिरली आहेतच.)

याच्या शेजारी ‘झपाटलेला’ ठेवून पाहण्यासारखा आहे. महेश कोठारेंच्या १९९३च्या चित्रपटातला तात्या विंचू म्हणजे हातभर बाहुला. रामदास पाध्ये यांच्या कसबातून जिवंत झालेला. वीस वर्षांनी ‘झपाटलेला २’ (२०१३) आला तेव्हा बाहुल्याला राक्षसी आकार न देता चित्रपट थ्रीडी केला गेला. शक्ती तीच, फक्त ती प्रेक्षकाच्या नाकासमोर आणली. कमी पैशांत केलेली ही चढण होती.

मालेगावचा सुपरमॅन उलटा का चालला?

भिवंडीहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक ओलांडून पुढे गेले की मालेगाव लागते. तेही यंत्रमागांचे गाव. तिथल्या नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी हौसेने चित्रपट बनवायला घेतले आणि २००० साली ‘मालेगाव के शोले’ गावात धो धो चालला. खर्च सुमारे ५० हजार रुपये असल्याचे सांगितले जाते. पुढे त्यांनी सुपरमॅन करायचे ठरवले. ती धडपड फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात नोंदली गेली आणि रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मुळे (२०२५) देशभर पोहोचली.

या सुपरमॅनची भूमिका केली शफीक शेख या माग कामगाराने. शरीरयष्टी हडकुळी. गावातल्या धुळीने त्याला दम लागतो. हिरव्या कापडासमोर आडवा करून त्याला उडवले गेले. जगभर सुपरमॅनची शक्ती भागागणिक फुगत असताना इथे ती गावाच्या मापाने कापून बेतली होती. आणि गावाला तो आपला वाटला, कारण त्याच्या अडचणी गावाच्याच होत्या. भूमिका साकारल्यानंतर काही काळातच शफीक यांचे कर्करोगाने निधन झाले. ‘सुपरबॉइज’चा उत्तरार्ध त्याभोवतीच फिरतो.

मालेगावकरांकडे पैसा नव्हता म्हणून त्यांनी विडंबन केले, एवढेच यातून काढणे अन्यायाचे होईल. १२ तासांची पाळी करणाऱ्या माणसाला महाकाय नायक जसा हवा असतो, तसा आपल्यासारखा धापा टाकणारा नायकही हवा असतो. दुसऱ्या प्रकारचा नायक मोठ्या भांडवलाला परवडत नाही, हा भाग वेगळा.

न्यायमूर्तींना ‘सिंघम’वर का बोलावेसे वाटले?

सप्टेंबर २०२३मध्ये इंडियन पोलीस फाउंडेशनच्या कार्यक्रमात मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘सिंघम’चे नाव घेऊन इशारा दिला होता. शेवटी सारे पोलीस दल एका राजकारण्यावर चाल करून जाते आणि न्याय झाला असे दाखवले जाते, पण न्याय खरेच झाला का, असा त्यांचा प्रश्न होता. कायद्याच्या प्रक्रियेला वेळ लागतो. त्या प्रक्रियेबद्दलचा उतावीळपणा असे चित्रपट वाढवतात आणि तो संदेश घातक आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

नायकाच्या वाढत्या ताकदीची ही बाजू तिकीट खिडकीवर दिसत नाही. पहिल्या ‘सिंघम’ची सुरुवात आठवावी. बाजीराव तिथे न्यायालयाचीच अट राबवत होता. वहीतल्या सहीसाठी हटून बसला होता. त्याच चित्रपटाच्या शेवटी न्यायालय दिसेनासे झाले. आणि पुढच्या प्रत्येक भागाला सुरुवातच त्या शेवटापासून करावी लागली, कारण मागे जाणे म्हणजे नायक लहान करणे. नायक एक पायरी चढला की कायदा एक पायरी उतरतो, असा हा झोपाळा आहे. अतिमानवाची शक्ती निदान परग्रहावरून आलेली असते, तिची नक्कल कोणी करू शकत नाही. पोलिसाची शक्ती खऱ्या माणसांच्या हातात असते. मराठी वृत्तपत्रांनी ‘सिंघम’ हा शब्द कधीच सामान्यनाम करून टाकला. अतिक्रमण हटवणारा अधिकारी ‘सिंघम’, धडक कारवाई करणारी महिला अधिकारी ‘लेडी सिंघम’. हे कौतुक करताना आपल्याला कुठला सिंघम अभिप्रेत असतो, सहीसाठी अडणारा की शेवटच्या प्रसंगातला, हे बातमीत लिहिलेले नसते.

शिडी संपल्यावर काय होते?

हिंदीत सिक्वेल हा प्रकार नवा नाही. वाडिया मूव्हीटोनची ‘हंटरवाली’ १९३५मध्ये आली आणि चाबूक घेऊन अन्यायावर तुटून पडणाऱ्या नाडियाने धुमाकूळ घातला. आठ वर्षांनी, १९४३मध्ये ‘हंटरवाली की बेटी’ आला. सिंघमच्या पट्ट्याची आजी म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून प्रत्येक मालिकेला एक टोक येतेच. माग जादा वेगाने पळवला की आधी धागा तुटतो, मग माग थांबवून गाठ मारावी लागते, चित्रपटांचेही तसेच. २००२च्या बाँडपटात अदृश्य होणारी गाडी आली आणि हसे झाले, तेव्हा निर्मात्यांनी २००६मध्ये बाँडला पुन्हा नवशिका करून रक्तबंबाळ केले. १९९७च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’नंतर आठ वर्षे थांबून बॅटमॅनची गोष्ट पहिल्यापासून सांगितली गेली. नायक छोटा करण्याचा मार्ग खुला असतो, पण तो मार खाल्ल्यावरच आठवतो. २०२५मध्ये ‘वॉर २’ दोन मोठे तारे असूनही अपेक्षेइतका चालला नाही, तेव्हा हिंदीतही हीच चर्चा सुरू झाली.

‘क्रिश’ची मालिका सध्या याच वळणावर उभी आहे. तिसरा भाग येऊन एक तप उलटले. चौथ्याचा खर्च जमवणे अवघड जात असल्याचे राकेश रोशन यांनी जाहीरपणे सांगितले होते. मार्च २०२५मध्ये दिग्दर्शनाची धुरा हृतिक रोशनकडे देण्याची घोषणा झाली. विमान हवेत दुरुस्त करून झाले, मुंबईतल्या इमारती पाडून झाल्या. आता पटकथा लिहिणाऱ्यांपुढे दोन वह्या आहेत. एकीत याहून मोठे संकट लिहायचे आहे. दुसरीत, ढग आले की शक्ती गमावणाऱ्या आणि बास्केटबॉलचा एक सामना जिंकण्यासाठी जिवाचे रान करणाऱ्या रोहितची पाने आहेत.